एटीव्हीमधील रेडिएटर पंख्याचा हस्तचालित स्विच

रेडिएटर पंख्याचा हस्तचालित स्विच हा द्रवशीतित इंजिन असलेल्या सर्व-भूभाग वाहनावर, म्हणजेच एटीव्हीवर, बसवला जाणारा विद्युत स्विच आहे. रेडिएटरमागील विद्युत पंखा ठरावीक तापमानाची वाट न पाहता चालकाला हवा तेव्हा सुरू करता यावा, हा त्याचा उद्देश असतो. बहुतेक वाहनांत हा स्विच कारखान्यातून बसवून येत नाही; वाहनाचा मालक किंवा कारागीर तो नंतर बसवतो.

योग्य पद्धतीने जोडलेला हस्तचालित स्विच मूळच्या स्वयंचलित नियंत्रणाला समांतर असतो. तापमान वाढले किंवा चालकाने स्विच दाबला, यांपैकी एक गोष्ट घडली तरी पंखा फिरतो. त्यामुळे चालकाला स्विचचा विसर पडला तरी इंजिनाचे मूळ संरक्षण कायम राहते. तापमानाचे नियंत्रण पूर्णपणे काढून पंखा थेट बॅटरीला जोडण्याची पद्धतही प्रचलित आहे. गॅरेजच्या बोलीत तिला ‘पंखा डायरेक्ट करणे’ म्हणतात. या दोन पद्धती वरवर सारख्या दिसत असल्या तरी त्यांचे परिणाम भिन्न आहेत.

## पार्श्वभूमी

आरंभीची सर्व-भूभाग वाहने हवेने थंड होणाऱ्या लहान इंजिनांवर चालत. होंडा कंपनीने १९७० मध्ये विक्रीस आणलेले यूएस९० हे तीनचाकी वाहन या प्रकारातील होते. सुझुकी कंपनीने १९८२ मध्ये क्वाडरनर एलटी१२५ हे चारचाकी वाहन आणले आणि पुढे चारचाकी रचनाच रूढ झाली. सुझुकीच्याच १९८५ मधील एलटी२५०आर या शर्यतीच्या वाहनात द्रवशीतित इंजिन होते. इंजिनांची क्षमता वाढत गेली तसा रेडिएटर, पाण्याचा पंप, थर्मोस्टॅट आणि विद्युत पंखा हा संच मोठ्या एटीव्हींमध्ये सर्वसामान्य झाला.

द्रवशीतित इंजिनात शीतक द्रव, म्हणजे कूलंट, सिलिंडरभोवतीच्या पोकळीतून फिरतो, तेथील उष्णता घेतो आणि रेडिएटरमध्ये ती हवेला देतो. मोटारगाडी रस्त्यावर वेगाने धावत असताना समोरून येणारा वारा रेडिएटरमधून आपोआप वाहतो आणि पंख्याची गरज क्वचित भासते. एटीव्हीचे काम बहुधा याच्या उलट परिस्थितीत चालते. चिखल, वाळू, चढण किंवा ओढायचा भार यांमुळे इंजिनावर ताण मोठा असतो आणि वेग मात्र चालत्या माणसाइतका असतो. अशा वेळी रेडिएटरमधून हवा वाहण्याचे जवळजवळ सर्व काम पंख्यावर येते. पंखा बंद पडला किंवा उशिरा सुरू झाला तर तापमान काही मिनिटांत धोक्याच्या पातळीपर्यंत चढू शकते.

पाणी आणि इथिलीन ग्लायकॉल समप्रमाणात असलेले मिश्रण वातावरणीय दाबाखाली सुमारे १०७ अंश सेल्सिअस तापमानाला उकळते. रेडिएटरचे झाकण आतील दाब वाढवते व त्यामुळे उत्कलनबिंदू १२० अंशांच्या वर जातो. झाकणाची स्प्रिंग सैल झाली किंवा रबरी कडा फाटली की हे अतिरिक्त संरक्षण नाहीसे होते. शीतक उकळू लागल्यावर धातूला लागून वाफेचे थर तयार होतात. वाफ द्रवाइतकी उष्णता वाहून नेत नसल्याने त्या जागी धातू आणखी तापतो. ॲल्युमिनियमचे सिलिंडर हेड वाकडे होणे, हेडची गॅस्केट फुटणे आणि पिस्टन अडकणे ही या प्रक्रियेची शेवटची रूपे आहेत.

## स्वयंचलित नियंत्रणाचे प्रकार

हस्तचालित स्विच कोठे जोडायचा हे मूळ पंखा कोणत्या पद्धतीने चालतो यावर अवलंबून असते. एटीव्हींमध्ये प्रामुख्याने तीन पद्धती आढळतात.

थर्मल स्विच थेट परिपथात. रेडिएटरमध्ये किंवा शीतकाच्या मार्गात बसवलेल्या स्विचच्या आत द्विधातू पट्टी असते. ठरावीक तापमानाला ती वाकते व संपर्क जुळतो. हे तापमान वाहनानुसार बदलते. अनेक वाहनांत ते ९० ते १०० अंशांच्या आसपास असते. संपर्क तुटण्याचे तापमान त्याहून काही अंशांनी कमी ठेवलेले असते, अन्यथा पंखा सतत चालू-बंद होत राहिला असता. या पद्धतीत पंख्याची संपूर्ण विद्युतधारा थर्मल स्विचमधून जाते. पंख्याचे धन टोक इग्निशनच्या चावीमागील तारेला जोडलेले असते आणि थर्मल स्विच ऋण बाजूचा मार्ग पूर्ण करतो, अशी मांडणी विशेष आढळते.

थर्मल स्विच आणि रिले. येथे थर्मल स्विच केवळ रिलेच्या वेटोळ्याला धारा देतो. पंख्याची मोठी धारा रिलेच्या संपर्कांतून जाते.

संगणकीय नियंत्रण. इंधन-अंतःक्षेपण प्रणाली असलेल्या नव्या वाहनांत शीतकाचे तापमान थर्मिस्टर मोजतो. त्याचा रोध तापमान वाढेल तसा कमी होतो. ही माहिती ईसीयू या नियंत्रकाकडे जाते आणि ईसीयू रिलेच्या वेटोळ्याची ऋण बाजू जोडून पंखा सुरू करतो.

## उपयोग

हस्तचालित स्विच बसवण्यामागे साधारणतः चार कारणे असतात. पहिले कारण पूर्वदक्षतेचे आहे. पुढे लांब चढण किंवा खोल चिखल दिसत असल्यास चालक तापमान वाढण्यापूर्वीच पंखा सुरू करतो. दुसरे कारण थर्मल स्विच निकामी होण्याचे आहे. हा लहानसा भाग उष्णता, कंपने आणि पाणी यांच्या सतत संपर्कात असतो. वस्तीपासून दूर तो बिघडल्यास हस्तचालित स्विचमुळे वाहन परत आणता येते. तिसरे कारण रेडिएटरच्या स्थलांतराचे आहे. चिखलात वापरल्या जाणाऱ्या वाहनांत रेडिएटर मूळ जागेवरून काढून समोरच्या सामान ठेवण्याच्या जाळीवर उंच बसवण्याची पद्धत आहे. असे करताना पंख्याची तारजोडणी नव्याने करावीच लागते आणि त्याच वेळी स्विचही बसवला जातो.

चौथे कारण पंखा बंद ठेवण्याचे आहे. खोल पाण्यातून जाताना फिरते पाते पाण्यात बुडाले तर मोटरवर एकाएकी मोठा भार येतो, धारा वाढते आणि फ्यूज वितळू शकतो. पाण्याच्या रेट्याने वाकलेले पाते रेडिएटरच्या नळ्यांना घासण्याचाही धोका असतो. यासाठी काही चालक पंखा पूर्ण बंद करणारी स्थिती असलेला स्विच निवडतात. मात्र ही सोय सर्वांत जोखमीची आहे, कारण पाण्याबाहेर आल्यावर स्विच पूर्ववत करण्याचे राहून गेले तर इंजिनाला कोणतेच संरक्षण उरत नाही.

## परिपथाची रचना

### रिलेचा उपयोग

एटीव्हीच्या पंख्याला साधारणपणे ५ ते १२ अँपिअर धारा लागते आणि मोटर सुरू होण्याच्या क्षणी ती काही पटींनी जास्त असते. एवढी धारा हँडलवरील लहान स्विचमधून नेल्यास त्याचे संपर्क जळतात. एकदिश धारेत संपर्क तुटताना निर्माण होणारी ठिणगी प्रत्यावर्ती धारेतील ठिणगीपेक्षा अधिक काळ टिकते. म्हणून ‘२५० व्होल्ट, ६ अँपिअर’ असे लिहिलेला घरगुती स्विच १२ व्होल्टच्या पंख्याला पुरेसा ठरेलच असे नाही. स्विचवर एकदिश धारेसाठी दिलेली क्षमता पाहावी लागते.

रिले ही अडचण दूर करतो. त्याच्या वेटोळ्याचा रोध साधारण ८० ते ९० ओहम असतो, म्हणजे १२ व्होल्टला त्यातून सुमारे ०.१५ अँपिअर धारा जाते. हँडलवरील स्विचला केवळ एवढीच धारा सांभाळायची असते. वाहनांतील सर्वसामान्य चौकोनी रिलेच्या टोकांवर जर्मन मानकानुसार पुढील अंक छापलेले असतात.

| टोक | कार्य | हस्तचालित पंखा परिपथातील जोडणी |
|---|---|---|
| ३० | संपर्काचे आगमन टोक | बॅटरीच्या धन टोकापासून फ्यूजमार्गे |
| ८७ | संपर्काचे निर्गमन टोक | पंख्याच्या धन तारेला |
| ८६ | वेटोळ्याचे एक टोक | चावीमागील तारेपासून हस्तचालित स्विचमार्गे |
| ८५ | वेटोळ्याचे दुसरे टोक | अर्थ, म्हणजे वाहनाचा सांगाडा |

पाच टोकांच्या रिलेत ‘८७ए’ हे टोक अधिक असते. वेटोळ्यात धारा नसताना ते ३० या टोकाशी जोडलेले राहते. पंख्याची तार चुकून या टोकाला लावल्यास स्विच बंद असताना पंखा चालतो आणि स्विच दाबल्यावर थांबतो.

वेटोळ्यातील धारा तुटताच त्यात क्षणिक उच्च विभवांतर निर्माण होते. ते शोषण्यासाठी काही रिलेंत डायोड बसवलेला असतो. अशा रिलेत ८५ आणि ८६ या टोकांची अदलाबदल चालत नाही. ८६ हे टोक धन बाजूलाच असावे लागते. उलट जोडणी झाल्यास डायोडमधून थेट धारा वाहते आणि तो किंवा स्विचच्या परिपथातील फ्यूज जळतो.

### मूळ परिपथाशी समांतर जोडणी

मूळ वाहनात पंखा आधीपासून रिलेवर चालत असेल, तर नव्या रिलेचे ८७ टोक मूळ रिलेकडून पंख्याकडे जाणाऱ्या धन तारेला जोडले जाते. दोन्ही रिले एकमेकांना समांतर होतात. एकाचा संपर्क उघडा असताना दुसऱ्याकडून आलेली धारा मागे जाऊ शकत नाही, त्यामुळे दोन्ही परिपथ स्वतंत्रपणे काम करतात. मूळ रिले, त्याचा फ्यूज किंवा थर्मल स्विच यांपैकी काहीही बिघडले तरी हस्तचालित मार्ग शाबूत राहतो. दोन्ही मार्गांना सामाईक असलेली पंख्याची अर्थ तार व तिचा सांधा मात्र चांगल्या स्थितीत असणे आवश्यक आहे.

### थर्मल स्विच ऋण बाजूला असताना

पंख्याचे धन टोक चावीमागील तारेला कायम जोडलेले असून थर्मल स्विच ऋण बाजूला असेल, तर वरील जोडणी चुकीची ठरते. बॅटरीकडून आलेली नवी धन तार अशा पंख्याच्या धन टोकाला लावल्यास दोन गोष्टी घडतात. पंखा सुरू होत नाही, कारण त्याची ऋण बाजू अद्याप उघडीच असते. शिवाय त्या तारेतून धारा उलट दिशेने चावीमागील परिपथात शिरते. त्यामुळे स्विच चालू असताना चावी बंद करूनही इंजिन थांबत नाही किंवा दिवे जळत राहतात. रिलेचे वेटोळेही याच परिपथावर असेल तर ते स्वतःच स्वतःला धारा देत राहते.

अशा वाहनात हस्तचालित मार्ग ऋण बाजूलाच जोडावा लागतो. पंख्याची ऋण तार जेथे थर्मल स्विचला मिळते तेथून एक फाटा काढून तो रिलेच्या ३० टोकाला आणतात आणि ८७ टोक सांगाड्याच्या स्वच्छ भागाला जोडतात. संपर्क जुळला की थर्मल स्विचला वळसा घालून धारा अर्थपर्यंत पोहोचते. पंख्याची धन बाजू आणि तिचा मूळ फ्यूज यांत बदल करावा लागत नाही.

### ईसीयूच्या वाहनांत

ईसीयूने चालणाऱ्या पंख्याच्या बाबतीत वेटोळ्याची तार ईसीयूपासून निघते. तिला मध्येच फाटा जोडून अर्थ दिल्यास पंखा सुरू होतो. परंतु काही ईसीयू त्या तारेवरील विभवांतर तपासत असतात आणि अनपेक्षित स्थिती आढळल्यास दोष नोंदवतात. त्याच तारेला चुकून धन टोक जोडले गेल्यास ईसीयूतील ट्रान्झिस्टर जळू शकतो. म्हणून अशा वाहनांत ईसीयूच्या तारांना स्पर्श न करता स्वतंत्र रिले मूळ रिलेला समांतर बसवणे अधिक सुरक्षित मानले जाते.

थर्मिस्टरला रोधक जोडून ईसीयूला इंजिन तापल्याचा आभास निर्माण करणे हा मार्ग चुकीचा आहे. ईसीयू त्याच तापमानावरून इंधनाचे प्रमाण ठरवतो. खोट्या तापमानामुळे थंड इंजिन सुरू होण्यास त्रास होतो आणि तापमापकही विश्वासार्ह राहत नाही.

### तीन स्थितींचा स्विच

पंखा पूर्ण बंद ठेवण्याची सोय हवी असल्यास ‘चालू – बंद – स्वयंचलित’ अशा तीन स्थितींचा स्विच वापरतात. त्याच्या मधल्या स्थितीत कोणताही संपर्क नसतो. एका बाजूला वेटोळ्याला थेट धारा मिळते आणि दुसऱ्या बाजूला थर्मल स्विचमार्गे. या रचनेत स्वयंचलित नियंत्रण हस्तचालित स्विचमधून जात असल्यामुळे स्विचच बिघडला तर दोन्ही मार्ग बंद होतात. साध्या दोन स्थितींच्या समांतर स्विचमध्ये हा दोष नसतो.

## फ्यूज आणि तारेची जाडी

फ्यूजचे मुख्य काम पंख्याचे नव्हे तर तारेचे संरक्षण करणे हे असते. एटीव्हीत तारा सांगाड्याच्या कडांवरून जातात व कंपनांमुळे त्यांचे आवरण घासले जाते. धन तारेतील तांबे सांगाड्याला टेकले तर बॅटरी शेकडो अँपिअर धारा देऊ शकते आणि तार काही क्षणांत लालबुंद होते. फ्यूज बॅटरीपासून जितका दूर, तितका त्याच्या अलीकडील तारेचा भाग असुरक्षित राहतो. यामुळे फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून शक्य तितक्या जवळ बसवतात.

फ्यूजची क्षमता पंख्याच्या नियमित धारेपेक्षा थोडी जास्त असावी लागते, कारण सुरुवातीची वाढीव धारा त्याने सहन करायची असते. १० अँपिअर घेणाऱ्या पंख्याला १५ अँपिअरचा फ्यूज सर्वसाधारणपणे चालतो. पात्याच्या आकाराच्या फ्यूजमध्ये १० अँपिअरचा रंग लाल, १५ अँपिअरचा निळा आणि २० अँपिअरचा पिवळा असतो. फ्यूज वारंवार जात असल्यास मोठा फ्यूज लावणे हा उपाय नव्हे. अडकलेले पाते, झिजलेले बेअरिंग किंवा घासलेली तार ही त्याची संभाव्य कारणे असतात.

तारेची जाडी दोन गोष्टींवर ठरते: ती फ्यूजच्या क्षमतेइतकी धारा न तापता वाहू शकली पाहिजे आणि तिच्यातील विभवांतराची घट कमी असली पाहिजे. १ चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेचा रोध दर मीटरला सुमारे ०.०१७५ ओहम असतो. बॅटरीपासून पंखा दीड मीटरवर असल्यास जाण्या-येण्याची एकूण लांबी ३ मीटर होते. १० अँपिअर धारेला १ चौ. मिमी तारेत सुमारे ०.५३ व्होल्ट घट होते, २.५ चौ. मिमी तारेत ती ०.२१ व्होल्ट होते. रिले न वापरता हीच धारा हँडलपर्यंत नेऊन परत आणली आणि एकूण लांबी ६ मीटर झाली, तर १ चौ. मिमी तारेतील घट १ व्होल्टहून अधिक होते. विभवांतर कमी झाले की पंख्याची गती आणि हवेचा झोत दोन्ही कमी होतात. त्यामुळे पंखा फिरत असूनही इंजिन तापते. मुख्य धारेच्या मार्गासाठी २.५ चौ. मिमी आणि वेटोळ्याच्या मार्गासाठी ०.५ ते ०.७५ चौ. मिमी तार पुरेशी ठरते.

## जोडणीचा क्रम

काम सुरू करण्यापूर्वी वाहनाच्या दुरुस्ती पुस्तिकेतील तारजोडणीचा नकाशा पाहिला जातो. तारांचे रंग कंपनीनुसार व मॉडेलनुसार बदलतात, त्यामुळे केवळ रंगावरून तार ओळखणे धोक्याचे असते. मूळ पद्धत कोणती आहे हे मल्टिमीटरनेही ठरवता येते. इंजिन थंड असताना व चावी चालू असताना पंख्याच्या जोडणीत धन बाजूला १२ व्होल्ट मिळत असतील, तर नियंत्रण ऋण बाजूला आहे.

त्यानंतरचा क्रम साधारणपणे असा असतो:

१. बॅटरीचे ऋण टोक प्रथम सोडवले जाते. धन टोक आधी सोडवताना पाना सांगाड्याला लागला तर थेट लघुपरिपथ होतो.

२. रिलेसाठी पाण्याच्या पातळीपासून उंच आणि एक्झॉस्टपासून दूर अशी जागा निवडली जाते. रिलेची टोके खाली येतील असा तो बसवतात, म्हणजे आत पाणी साचत नाही.

३. हँडलवर किंवा पुढील फळीवर जलरोधक स्विच बसवला जातो. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून तार ताणली जात नाही ना, हे पाहिले जाते.

४. फ्यूज होल्डर बॅटरीजवळ बसवून रिलेपर्यंत व तेथून पंख्यापर्यंत मुख्य तार नेली जाते. फ्यूज या टप्प्यावर बसवत नाहीत.

५. वेटोळ्याची धन बाजू चावीमागील तारेला जोडली जाते. ती थेट बॅटरीला जोडल्यास चावी काढल्यानंतरही पंखा चालू राहू शकतो. १४ अँपिअर-तास क्षमतेची बॅटरी १० अँपिअरच्या पंख्याने दीड तासाच्या आत रिकामी होते आणि इंजिन सुरू करण्याची तिची ताकद त्याच्या बरीच आधी संपते.

६. अर्थ जोडणीच्या जागी रंग व गंज खरवडून धातू उघडा केला जातो. जोडणी घट्ट केल्यावर तिच्यावर ग्रीस लावतात.

७. सांधे दाबयंत्राने दाबलेल्या लगचे असतात व त्यांवर उष्णतेने आकसणारी, आतून चिकट थर असलेली नळी चढवली जाते. नुसत्या पिळलेल्या व चिकटपट्टी गुंडाळलेल्या सांध्यांत पाणी शिरते आणि तांबे हिरवे पडते.

८. सर्व तारा नळीत घालून एक्झॉस्ट, फिरते भाग व धारदार कडा यांपासून दूर बांधल्या जातात. नंतर बॅटरीचे ऋण टोक आणि सर्वांत शेवटी फ्यूज जोडला जातो.

स्विचमध्ये किंवा शेजारी लहान निर्देशक दिवा बसवण्याची प्रथा आहे. दिवा पंख्याच्या दोन टोकांना समांतर जोडल्यास पंखा हाताने सुरू केला असो की तापमानामुळे, दोन्ही वेळी तो लागतो. पंख्याला विद्युतपुरवठा मिळत आहे एवढेच तो सांगतो. पाते प्रत्यक्ष फिरत आहे याची ती खात्री नव्हे.

## तपासणी

जोडणीनंतर दोन्ही मार्गांची स्वतंत्र तपासणी आवश्यक असते. प्रथम इंजिन थंड असताना स्विच चालू करून पंखा फिरतो का हे पाहिले जाते. मग स्विच बंद ठेवून इंजिन जागेवर चालवले जाते आणि ठरलेल्या तापमानाला पंखा आपोआप सुरू होऊन पुन्हा थांबतो का याची खात्री केली जाते. अनेकदा ही दुसरी चाचणी वगळली जाते. स्वयंचलित मार्ग तुटला असल्यास तो याच चाचणीत लक्षात येतो.

हवेची दिशाही तपासली जाते. स्थायी चुंबकाच्या एकदिश मोटरची धन व ऋण टोके उलट जोडल्यास ती उलट फिरते. रेडिएटरच्या मागे बसवलेल्या पंख्याने हवा समोरून मागे खेचणे अपेक्षित असते. रेडिएटरच्या पुढील बाजूस धरलेला कागद जाळीकडे ओढला गेला तर दिशा बरोबर आहे.

शेवटी पंखा चालू असताना बॅटरीच्या टोकांवरील आणि पंख्याच्या टोकांवरील विभवांतर मोजतात. दोन्हींतील फरक अर्ध्या व्होल्टहून अधिक असल्यास तार बारीक आहे किंवा एखादा सांधा खराब आहे, असे समजले जाते.

## मर्यादा

हस्तचालित स्विच इंजिन तापण्याच्या कारणावर उपाय करत नाही. एटीव्ही तापण्याचे एक अत्यंत सामान्य कारण म्हणजे रेडिएटरच्या पातळ पत्र्यांमध्ये वाळलेला चिखल होय. पत्र्यांमधून हवा जातच नसेल तर पंखा कितीही वेळ फिरवून उपयोग होत नाही. शीतकाची कमी पातळी, प्रणालीत अडकलेली हवा, बंद अवस्थेत अडकलेला थर्मोस्टॅट, झिजलेला पंप आणि कमकुवत झाकण ही इतर कारणे आहेत. पंखा सतत चालू ठेवूनही तापमान उतरत नसेल, तर दोष या भागांत शोधावा लागतो.

पंखा नेहमी चालू ठेवल्याने इंजिन अतिथंड होईल ही भीती थर्मोस्टॅट चांगला असल्यास बव्हंशी निराधार असते, कारण शीतक पुरेसा तापेपर्यंत थर्मोस्टॅट त्याला रेडिएटरकडे जाऊ देत नाही. थर्मोस्टॅट काढून टाकलेल्या वाहनात मात्र इंजिन थंडच राहते, इंधन जास्त जळते आणि तेलात ओलावा साचतो.

विद्युतनिर्मितीची मर्यादाही महत्त्वाची आहे. एटीव्हीचा स्टेटर मंद गतीला पूर्ण क्षमतेने वीज देत नाही. पंखा, मुख्य दिवे आणि विंच हे सर्व एकाच वेळी मंद गतीवर चालवल्यास बॅटरी चार्ज होण्याऐवजी रिकामी होऊ लागते.

## सुरक्षितता

- तापलेल्या इंजिनावर रेडिएटरचे झाकण उघडू नये. दाब नाहीसा होताच शीतक उसळून बाहेर येतो आणि गंभीररीत्या भाजते.
- काही वाहनांत चावी बंद असतानाही पंखा आपोआप सुरू होऊ शकतो. त्यामुळे पात्यांजवळ काम करण्यापूर्वी बॅटरी सोडवणे आवश्यक असते.
- इथिलीन ग्लायकॉल विषारी असून चवीला गोड असते. सांडलेला शीतक जनावरे चाटण्याची शक्यता असल्याने तो तत्काळ पुसून काढावा लागतो.
- वाहनात आग लागण्याचा धोका फ्यूज नसलेल्या किंवा बॅटरीपासून दूर फ्यूज असलेल्या जोडणीत सर्वाधिक असतो.
- हमीच्या मुदतीत मूळ तारजोडणीत बदल केल्यास त्या भागावरील हमी नाकारली जाण्याची शक्यता असते.

## भारतातील संदर्भ

महाराष्ट्रात लोणावळ्यासारख्या पर्यटनस्थळी एटीव्ही भाड्याने चालवल्या जातात. लहान क्षमतेच्या अनेक एटीव्हींची इंजिने हवेने थंड होणारी असतात व त्यांत रेडिएटर नसतो. त्यांना ही जोडणी लागू होत नाही. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी २००७ पासून होणाऱ्या बाजा एसएई इंडिया या स्पर्धेतील एकआसनी वाहनांनाही महाविद्यालयांत एटीव्ही म्हटले जाते. त्या स्पर्धेत अनेक वर्षे वापरले गेलेले ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन कंपनीचे इंजिन हवाशीतित आहे. मात्र रिले, फ्यूज आणि समांतर जोडणी यांची येथे वर्णिलेली तत्त्वे मोटारगाडीच्या पंख्यालाही तशीच लागू पडतात.

## हेही पाहा

- रेडिएटर
- रिले
- थर्मोस्टॅट
- फ्यूज
- अंतर्ज्वलन इंजिन